आधी पोटॅश, मग गंधक: रसाच्या, सरबताच्या आणि वाईनच्या बाटल्या धुण्याची रीत

तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर चार दिवस जरी काम केलं असेल, तरी बाटली धुण्याचं निम्मं शास्त्र तुम्हाला येतंच. द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी आपण ती कशात बुडवतो? लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे आपलं पोटॅश, आणि १५ मिली डिपिंग ऑइल. त्यानं मण्यावरचा मेणकट थर मोकळा होतो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मग माल वाळत आला की गंधकाची धुरी. तिनं रंग सोनेरी राहतो आणि बुरशी लांब राहते. आता कुणी म्हणालं, पोटॅशचं पाणी दिलंय तर धुरी कशाला, किंवा धुरी देणारच आहे तर बुडवायचं कशाला, तर शेडवरची बायामाणसं त्याला हसतील.

बाटलीच्या बाबतीत मात्र हीच चूक घरोघरी होते. कुणी साबणानं घासून, उन्हात ठेवून मोकळं होतं. कुणी धुण्याचा कंटाळा करून नुसतं उकळतं पाणी फिरवतं. मळ काढणं हे एक काम, आणि मळ निघाल्यावर काचेला चिकटून राहिलेले यीस्ट, बुरशी, जिवाणू यांचा बंदोबस्त करणं हे दुसरं. पहिलं नीट झालं नाही तर दुसऱ्याचा उपयोग नाही, कारण वाळलेल्या पाकाच्या खाली दडलेल्या यीस्टपर्यंत ना औषध पोचतं, ना पुरेशी आच.

मी पलूसच्या वाईन पार्कमधल्या एका वायनरीत तीन हंगाम बॉटलिंगला होते. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, त्यानंतर नाशिककडे विंचूर आणि आपल्याकडे पलूस अशी दोन पार्कं उभी राहिली, त्यातलं हे. तिथे कारखान्यातून नवीकोरी, प्लॅस्टिकात गुंडाळून आलेली बाटलीसुद्धा धुतल्याशिवाय भरत नसत. आता मी घरी आणि आमच्या बचत गटात द्राक्षाचा रस, जांभळाचं आणि स्ट्रॉबेरीचं सरबत बाटल्यांत भरते. रीत तीच आहे, यंत्रं तेवढी नाहीत.

वाईनबद्दल आधीच एक सांगून टाकते. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ लागू आहे, आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. वाईन त्यातच आली. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरापुरत्या वाईन-बिअरला परवाना लागत नाही, म्हणून तिकडे गेलेली आपली पोरं फोनवर कृती विचारतात. त्यांच्यासाठी आणि परवानाधारकांसाठी वाईनच्या बाटलीचे बारकावे जागोजागी लिहिले आहेत. बाकीच्यांनी रस-सरबतापुरतं घ्यावं.

बाटली निवडताना

सगळ्यात आधी, कुठली बाटली घ्यायची नाही ते. द्राक्षपट्ट्यात प्रत्येक बांधावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. औषध म्हणजे फवारणीचं. त्यातल्या काही इतक्या देखण्या आणि जाड असतात की मोह होतो. ती बाटली दहा वेळा धुतली, उकळली, तरी खाण्यापिण्याला वापरायची नाही. यात सूट नाही. फिनेल, रॉकेल, ॲसिड यांच्या बाटल्याही तशाच. भंगारवाल्याकडून घेताना एकेक बाटली नाकाशी धरायची. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "वैनी, धुतलेल्याच हायत की!" कशानं, म्हटलं. "पान्यानं." त्यातल्या दोनांना फिनेलचा वास येत होता.

वास नसेल तर तोंड तपासा. कापसाचा बोळा बाटलीच्या तोंडावरून गोल फिरवा. टवका उडालेला असेल तिथे कापसाचे धागे अडकतात. बोटानं तपासू नका, मी तपासलंय. मग बाटली उन्हाकडे धरून बुडातून आत बघा: तडा, आत चिकटलेला डाग, गळ्याखालची रेघ. बुडाच्या कडेला केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती बाटली गरम पाण्यात हमखास फुटणार. बाजूला काढा.

ज्यात वायू होणार किंवा भरणार आहे, म्हणजे सोडा, आल्याचं फसफसणारं पेय, बिअर, त्याला फक्त दाबासाठीच बनवलेली जाड काचेची बाटली लागते. सरबताच्या किंवा साध्या वाईनच्या पातळ बाटलीत असलं काही भरलं तर ती बाटली न राहता सुतळी बॉम्ब होतो. बिअरला तपकिरी काच चांगली, कारण त्यातल्या हॉप्सवर, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांवर, उजेड पडला की घाण वास सुटतो. गोटी सोड्याची बाटली मात्र शोभेलाच ठेवा. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं १८७० च्या दशकात काढलेली ही युक्ती भन्नाट आहे, पण गळ्याच्या त्या खाचेत ब्रश जात नाही आणि गोटीमागचा मळ दिसत नाही. घरी ती बाटली स्वच्छ झाली असं छातीठोक सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

प्लॅस्टिकच्या पाणी-बाटल्या फार तर एकदा वापरायच्या. ब्रशनं आत ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत जंतूंना घर मिळतं. शिवाय साधारण ७० अंशांच्या पुढे त्या मऊ पडून आकसतात. आमच्या गटातल्या एकीनं उकळतं पाणी ओतलं होतं, तर बाटलीचं वाळकं वांगं झालं.

सगळ्यात स्वस्त धुणं

ते म्हणजे बाटली रिकामी झाल्या झाल्या, तिथल्या तिथे, साध्या पाण्यानं तीनदा खळबळून उलटी ठेवणं. ओला पाक पाण्यानं जातो. तोच आठवडाभर वाळला की सोडा, गरम पाणी, ब्रश आणि तुमची अर्धी संध्याकाळ मागतो. ज्यांना ज्यांना सरबत देता त्यांना सांगून ठेवा: बाटली परत द्यायची असेल तर विसळून, झाकण न लावता द्या. झाकण लावून ठेवलेल्या ओल्या बाटलीत आठ दिवसांत बुरशीची काळी नक्षी उमटते.

सोड्याचं पाणी

इथे पोटॅशचा भाऊ कामाला येतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याचा सोडा वेगळा, तो फार सौम्य असतो, त्यानं वाळलेला मळ हलत नाही. किराणा दुकानात नुसतं 'सोडा' म्हटलं तर खाण्याचाच हातात पडतो, म्हणून 'धुण्याचा' असं ठासून सांगा. बेदाण्याच्या हंगामात घरात पोटॅशियम कार्बोनेट उरलं असेल तर तेही चालतं, काम तेच. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, तेलाच्या बाटल्या चुलीच्या राखेनं घासायच्या. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेटच असतं, म्हणजे त्या आमच्या आधीच तिथे पोचल्या होत्या. फक्त शेडवरच्या डिपिंग ऑइल मिसळलेल्या पाण्यात बाटल्या बुडवू नका, काचेवर तेलाचा पापुद्रा बसतो. आणि कॉस्टिक सोड्याच्या वाटेला जाऊ नका. कारखान्यात बाटल्या त्यानं धुतात हे खरं, पण तिथे बंद यंत्र असतं. घरी त्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

प्रमाण लिटरला १० ग्रॅम. म्हणजे १० लिटर पाण्याच्या बादलीला १०० ग्रॅम. पाणी हात जेमतेम बुडवता येईल इतकं गरम, ५० अंशांच्या आसपास. त्याहून कढत पाणी थंड बाटलीत ओतायचं नाही. जानेवारीच्या सकाळी ओट्यावर गारठलेल्या बाटलीत मी एकदा थेट चुलीवरचं पाणी ओतलं, आणि बूड ताटासारखं सुटून पायाशी पडलं. काचेला गरमीचा राग नाही, एकदम बदलाचा आहे.

रबरी हातमोजे घाला. बाटल्या आडव्या करून बुडवा, आतली हवा बुडबुड करून पूर्ण जाऊ द्या. हवेचा फुगा राहिला तर तेवढा भाग कोरडाच राहतो, आणि तो फुगा नेमका खांद्याच्या आत, जिथे मळ जास्त, तिथेच बसतो. रात्रभर भिजू द्या. सकाळी लेबलं बहुतेक आपसूक सुटलेली असतात. डिंक उरला तर खोबरेल आणि खाण्याचा सोडा यांची पेस्ट लावून दहा मिनिटांनी घासा, मग ते तेल काढायला साबणाचा हात. रॉकेलनं डिंक लवकर निघतो, पण वास बाटलीपेक्षा तुमच्या हाताला चिकटतो आणि हातातून झाकणाला. नकोच.

घासणं

लांब दांड्याचा बाटलीचा ब्रश आणा, टोकालाही केस असलेला. नुसते बाजूला केस असलेला ब्रश बुडाचा कोपरा सोडतो. ब्रश आत घालून फिरवण्यापेक्षा वरखाली ओढा, आणि गळ्याला वेगळा वेळ द्या.

गळा म्हटलं की मला आमची पहिल्या वर्षीची फजिती आठवते. रसाच्या चाळीस बाटल्या. वायनरीत शिकून आलेली, म्हणून तोऱ्यात होते. बाटल्या दिसायला लख्ख होत्या, तेव्हा सोड्याची पायरी गाळली आणि थेट निर्जंतुक करायच्या पाण्यानं विसळून रस भरला. मे महिन्यात फडताळातून रात्री 'टक्' असा आवाज. सकाळी आत्या म्हणाल्या, "आगं, तुझ्या बाटल्या बोलाय लागल्या की!" झाकणं फुगली होती, रस आंबला होता. अकरा बाटल्या ओतून दिल्या. रिकाम्या करून उन्हात धरल्या तेव्हा दिसलं: झाकणाच्या आट्यांच्या खाली, गळ्याच्या आतल्या बाजूला, जुन्या सरबताचं नखभर जाड कडं. नुसत्या विसळण्यानं ते ओलंसुद्धा झालं नव्हतं. त्यात यीस्ट ऐसपैस बसलं होतं आणि आम्ही त्याला ताजा गोड रस पाजला. तेव्हापासून झाकणाच्या आट्या आतून-बाहेरून जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासते.

बुडाला चिकटलेलं ब्रशनं निघत नसेल तर मूठभर कच्चे जाडे तांदूळ किंवा जाडं मीठ, वाटीभर सोड्याचं पाणी, तोंडावर तळहात, आणि दोन मिनिटं जोरात हलवा. वाळू किंवा खडे वापरू नका, काचेवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी मळ तिथेच धरतो. एवढं करूनही डाग हलला नाही तर बाटलीत फुलं लावा.

मग साध्या पाण्यानं तीनदा विसळा. बोटांना काच बुळबुळीत लागली तर सोडा अजून आहे.

पांढरी साय

कृष्णाकाठची जमीन क्षारपड व्हायला लागल्यापासून आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे. त्या पाण्यानं विसळलेली बाटली वाळली की आत पांढरट ढग दिसतो. लोक म्हणतात, बाटली जुनी झाली. बाटली जुनी झालेली नसते, चुन्याचे क्षार बसलेले असतात. जड पाण्यात धुण्याचा सोडा घातला की हे क्षार उलट जास्त खाली बसतात, म्हणजे साफ करता करताच हा थर चढतो. त्यावर ब्रश घासत बसू नका. लिटरला १० ग्रॅम लिंबूसत्व घालून ते पाणी अर्धा तास बाटलीत ठेवा. बारीक बुडबुडे येतात आणि ढग विरतो. शेवटचं विसळणं शक्य असेल तर पिण्याच्या गाळलेल्या पाण्यानं करा. पावसाळ्यात मी पत्र्याचं पाणी धरते, अर्थात पहिला पाऊस सोडून.

स्वच्छ झाली की नाही हे बघायची एक जुनी युक्ती आहे. बाटली पाण्यानं भरून ओता आणि आतली भिंत बघा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर काच स्वच्छ. थेंब थेंब होऊन जागोजागी अडलं तर तिथे तेल किंवा मळ आहे, पुन्हा सोडा.

आता बाटल्या उलट्या करून निथळत ठेवा. मी द्राक्षाच्या क्रेटमध्ये ठेवते, एकमेकींना टेकून उभ्या राहतात. क्रेटही आधी सोड्यानं धुवायचं, नाहीतर शेतातली माती तोंडाला. आत फडकं घालून पुसायचं नाही. फडक्याचे तंतू आणि फडक्यावरचं सगळं स्वयंपाकघर आत जातं.

निर्जंतुक करणं: भरायच्या आधी, त्याच दिवशी

धुतलेल्या बाटल्या महिनाभर ठेवता येतात. निर्जंतुक केलेल्या मात्र तासाभरात भरायच्या. आज उकळून उद्या भरल्या तर रात्रभर धूळ आणि माश्या काय करतात ते सांगायला नको. आत्या लोणच्याच्या बरणीला निखाऱ्यावर हिंग टाकून धुरी देतात. त्यानं बरणी कोरडी होते आणि वास सुंदर येतो, लोणच्याला तेवढं पुरतं कारण तिथे मीठ आणि तेल राखण करतात. रसाला राखण करणारं कुणी नाही.

घरी सगळ्यात भरवशाचं म्हणजे उकळणं. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुना पंचा घाला, म्हणजे काच थेट आचेवर बसत नाही. बाटल्या कोमट पाण्यानं भरून, पूर्ण बुडतील अशा आडव्या ठेवा आणि पाणी त्यांच्यासकट तापवा. चांगली उकळी फुटल्यावर घड्याळ लावा. समुद्रसपाटीजवळ १० मिनिटं पुरतात. उंची वाढेल तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून दर ३०० मीटरला एक मिनिट वाढवायचं. तासगाव-सांगलीला १२ मिनिटं धरा. माझ्या वन्सं भिलारला असतात, तिथे आणि महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तर १५ मिनिटं. बाटल्या चिमट्यानं काढा, लाकडी पाटावर किंवा पंचावर ठेवा. गार फरशीवर ठेवली की पुन्हा तडा.

दुसरा मार्ग गंधकाचा. पोटॅशियम मेटाबायसल्फाईट, ज्याला सगळे केएमएस म्हणतात. ते आंबट पाण्यात पडलं की सल्फर डायऑक्साईड सुटतो, म्हणजे शेडमध्ये गंधक जाळून जो धूर करतो तोच वायू, पाण्यात विरघळलेला. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम केएमएस आणि सपाट अर्धा चमचा लिंबूसत्व. लिंबूसत्व विसरू नका, आंबटपणाशिवाय केएमएस अर्धं झोपेतच असतं. हे पाणी बाटलीत सगळीकडे फिरवा, १० मिनिटं ओलं राहू द्या, पुढच्या बाटलीत ओता. पाच-सहाशे मिली पाण्यात डझनभर बाटल्या होतात. नाकाला झोंबणारा वास येईनासा झाला की पाणी संपलं असं समजा. पुडाही तसाच तपासायचा: हवा लागून वर्षभर पडलेल्या केएमएसला वासच येत नाही, ते फेकून द्या.

हे काम ओसरीवर किंवा अंगणात करा, बंद मोरीत नको. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना लांब पाठवा. हा वायू दमेकऱ्याला खरोखर त्रास देतो. आणि केएमएस, लिंबूसत्व, सोडा, तिन्ही पांढऱ्या पुडी. प्रत्येक डब्यावर ठळक चिठ्ठी चिकटवा, आणि तयार पाणी सरबताच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नका, घरात पोरं असोत वा नसोत.

वाईनवाल्यांनी केएमएसच्या पाण्यानंतर नुसतं चांगलं निथळवलं तरी चालतं, वाईनमध्ये तसाही थोडा सल्फाईट असतोच. स्ट्रॉबेरी, जांभूळ अशा लाल-जांभळ्या सरबतांना मात्र उकळून गार केलेल्या पाण्यानं एकदा विसळा, कारण सल्फर डायऑक्साईड त्यांचा रंग उडवतो. याच कारणानं अशा सरबतात टिकाऊपणासाठी केएमएस न घालता सोडियम बेंझोएट घालतात. वन्संनी एका हंगामात हे उलटं केलं आणि लालबुंद स्ट्रॉबेरीचं फिकट गुलाबी पाणी झालं. विसळायचं पाणी उकळलेलंच हवं, नळाखाली धरली तर दहा मिनिटांची मेहनत नळातच गेली.

माझं मत विचाराल तर केएमएस जंतू मारण्यापेक्षा त्यांना रोखतं जास्त. ज्या पेयात आंबटपणा, साखर किंवा अल्कोहोल आहे आणि वर टिकवण्याचं द्रव्यही पडणार आहे, तिथे ते पुरतं. नुसता रस भरायचा असेल तर उकळण्याला पर्याय नाही.

तिसरा मार्ग क्लोरीन. पुरानंतर विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात ते बघून लोक बाटलीलाही तेच वापरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीतल्या माझ्या मावसबहिणीच्या तळघरात ठेवलेल्या दोन पोती बाटल्या गाळात बुडाल्या होत्या. असल्या बाटल्यांना क्लोरीनच योग्य, कारण पुराच्या पाण्यात गटार असतं. पण आधी गाळ काढून, सोड्यानं धुऊन मगच; गाळ असला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. टीसीएल पावडरीत चुना असतो आणि काचेवर साय धरते, म्हणून कपड्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच घ्या. ४ टक्क्यांचं असेल तर लिटरला ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा, १० मिनिटं. नंतर उकळलेल्या पाण्यानं तीनदा विसळा.

दोन गोष्टी इथे जिवावरच्या. ब्लीचमध्ये लिंबूसत्व, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर काहीही आंबट मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. केएमएसच्या पाण्याची आणि ब्लीचची बादलीही वेगळी ठेवा. वाईनवाल्यांनी तर क्लोरीन घरातच आणू नये. क्लोरीन, लाकडी बूच आणि बुरशी यांच्या संगतीतून टीसीए नावाचं द्रव्य तयार होतं आणि वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. नुसत्या चिमूटभर प्रमाणात नव्हे, चिमटीला सापडणारही नाही इतक्या प्रमाणात. वायनरीत आम्हाला ब्लीचनं फरशीसुद्धा पुसू देत नसत.

हाताला लावायचा सॅनिटायझर बाटलीला वापरू नका, त्यात ग्लिसरीन आणि अत्तर असतं.

झाकणं आणि बुचं

जुनी झाकणं परत वापरायची नाहीत, एवढं पाळलं तरी निम्मी आंबण्याची तक्रार जाते. झाकणाच्या आतल्या अस्तरात जुना पाक मुरलेला असतो. सोड्याच्या बाटलीची लोखंडी झाकणं आणि आट्यांची पत्र्याची झाकणं केएमएसच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, उकळू नका, अस्तर सुटतं. तारेच्या खटक्याची बाटली असेल तर रबरी कडी काढून वेगळी धुवा, तिच्या खाली हमखास काळं सापडतं. लाकडी बूच उकळलं की ठिसूळ होतं, त्यालाही केएमएसचं पाणीच.

भरताना

हात धुवा, पंखा बंद करा. नरसाळं, पळी, गाळणं हेही त्याच उकळत्या पाण्यातून काढा. सगळं चोख करून नरसाळं तेवढं मांडणीवरून तसंच उचलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांत एकदा मीही होते.

द्राक्षाचा रस ८५ अंशांपर्यंत तापवून गरम बाटलीतच भरा, वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा ठेवा, झाकण लावा आणि बाटली दोन-तीन मिनिटं आडवी करा म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. महिनोन्महिने ठेवायचा असेल तर भरलेल्या बाटल्या पुन्हा ८५ अंशांच्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं ठेवतात. हे सगळं आंबट फळांना लागू. उसाचा रस असा भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका. तो पुरेसा आंबट नसतो, आणि उकळण्याला दाद न देणारे जंतूंचे बीजाणू बंद बाटलीत वाढले तर रस वासाला चांगला लागूनही विषारी असू शकतो.

सरबतात केएमएस टाकत असाल तर मापानं. स्क्वॅश-सरबताला सल्फर डायऑक्साईडची मर्यादा किलोला ३५० मिलिग्रॅम आहे, आणि केएमएसच्या वजनाच्या साधारण निम्मा वायू सुटतो, म्हणजे किलोला ०.६ ते ०.७ ग्रॅम. ही चिमूट अंदाजानं घेऊ नका. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा आता चार-पाचशे रुपयांत मिळतो. विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घ्या आणि लेबलवर घातलेलं द्रव्य लिहा.

भरून झाल्या की गळा ओल्या फडक्यानं पुसा, तारीख घाला आणि पहिले पंधरा दिवस बाटल्या फडताळात न ठेवता डोळ्यांसमोर, परातीत उभ्या ठेवा. रोज एकदा उन्हाकडे धरून बघा: तळाशी गढूळ पांढरं, वर बुडबुड्यांची कडी, झाकण फुगलेलं. आमच्याकडे याहून पक्की खबर मुंग्या देतात. ज्या बाटलीच्या गळ्याशी त्या जमल्या, तिचं झाकण नीट बसलेलं नाही. ती आधी फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायची.